अरणचा माळी : श्रीसंत सावता महाराज

आषाढ वद्य चतुर्दशी ही श्रीसंत सावता महाराजांची पुण्यतिथी. आषाढीचा सोहळा आटोपून वारकरी घरोघर परतलेले असतात, पायांचे फोड अजून पुरते सुकलेले नसतात, आणि तेवढ्यात ही तिथी येते. आम्ही पडलो खानदेशचे. आमच्या आदिशक्ती मुक्ताईची पालखी कोथळीहून निघते ती महिनाभर चालून पंढरीस पोचते. एवढी लांबची वारी करणाऱ्या मुलखात, जो संत जवळ राहूनही पंढरीला गेला नाही त्याचे चरित्र कसे सांगावे, हा संकोच आमच्या मनात असे. म्हणून आजवर आम्ही ते जरा आवरतेच घेत होतो. त्याचे प्रायश्चित्त आम्हांला मिळाले. ते आधी सांगतो, मग चरित्राकडे वळू.

काही वर्षांपूर्वी पांझराकाठच्या एका गावी पौषात सप्ताह होता. आमचे कीर्तन रात्रीचे. पूर्वरंग संपून उत्तररंगास आरंभ झाला, तोच पुढच्या रांगेतला एक तरुण माळी उठला आणि खांद्यावर उपरणे टाकून चालता झाला. आम्हांला राग आला. कीर्तनकाराला असा राग येतो, बरं का. नारदांच्या गादीचा मान म्हणून आम्ही तो झाकतो एवढेच. आम्ही वीणेकऱ्याकडे पाहून, विठ्ठलापेक्षा ज्यांना वावर मोठे त्यांनी माळ कशाला घालावी, अशा अर्थाचे काही बोललो. मंडळी हसली. गड्याने मागे वळून पाहिले आणि मान खाली घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची म्हातारी आई आमच्या बिऱ्हाडी आली. डोक्यावर पाटी. पाटीत कोथिंबीर, मेथी, कोवळे मुळे, सगळे दहिवराने ओले. भाजी सप्ताहाच्या पंगतीसाठी होती, तिचे मोल तिला नको होते. पाटी उतरवून ती म्हणाली की महाराज, पोराचा राग धरू नका. मळ्याची वीज रात्री अकराला येते आणि पहाटे जाते. तेवढ्यात दारं धरली नाहीत तर वाफे कोरडे राहतात, आणि काल पाणी दिले नसते तर आजच्या पंगतीला ही भाजी नव्हती. पुढे तिने अगदी साधेपणाने विचारले, की सावतोबा पंढरीला गेले नाहीत म्हणतात, त्यांना देवाने काय म्हटले होते?

आमच्याकडे उत्तर होते, पण ते आम्हांला आदल्या रात्री आठवायला हवे होते. बोलायला तोंड उघडले तर खोकला आला. आवाज बसला होता, छातीत कफ भरला होता. तिने कनवटीला बांधलेल्या लसणाच्या चार कुड्या काढून आमच्यापुढे ठेवल्या आणि तुपात परतून खा म्हणून सांगितले. आम्ही गळ्यातली माळ दाखवली. आम्ही कांदा-लसूण खात नाही. ती म्हणाली, खायला नाही दिला महाराज, औषधाला दिला आहे.

असो. पंगतीची भाजी स्वयंपाकघरात गेली आणि लसूण आमच्या पुढ्यात राहिला. त्या दिवशी दुपारी आम्ही पोथ्या काढून बसलो, आणि आज जे सांगणार आहोत ते तेव्हापासून जुळत आले.

आता चरित्र. सोलापूर जिल्ह्यात माढे तालुक्यात अरण नावाचे गाव आहे. शेजारच्या भेंड गावाच्या जोडीने त्याला अरणभेंडी असेही म्हणत. पंढरपूर तिथून फार दूर नाही, धडधाकट माणसाने पायी दोन दिवसांत गाठावे. सावतोबांचे आजोबा दैवू माळी हे घराणे घेऊन या गावी येऊन राहिले. त्यांचे पुत्र पुरुसोबा. त्यांचा विवाह भेंडच्या माळ्याच्या मुलीशी झाला आणि त्यांच्या पोटी शके ११७२, म्हणजे इ. स. १२५० मध्ये सावतोबा जन्मास आले. घरात आधीपासून विठ्ठलभक्ती होती. सावतोबांनी ती घरच्या मळ्याबरोबरच वारशाने घेतली. पुढे भेंडगावच्याच जनाईशी त्यांचे लग्न झाले. विठ्ठल आणि नागाताई अशी दोन मुले झाली. संसार चारचौघांसारखा. कोणी गुरू शोधत ते हिंडले नाहीत, वनात गेले नाहीत, मठ बांधला नाही. त्यांनी मळा केला.

तो काळ पाहा. देवगिरीस यादवांचे राज्य होते. तिथे मंत्री हेमाद्री पंडित वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन नावाची टीका लिहीत होते. कोणती वनस्पती उष्ण, कोणती शीत, कोणती वात हरते, कोणती कफ वाढवते, याची चर्चा देवगिरीच्या दरबारी पंडितांत चालली होती. त्याच काळात अरणच्या मळ्यात एक माळी त्याच वनस्पतींना पाणी देत होता. आम्ही शाळेत हेमाद्री शिकलो, त्याबद्दल आम्हांला अभिमान आहे. पण मुळा किती दिवसांनी जून होतो हे आम्हांला सांगता आले नसते. ते त्या म्हातारीला ठाऊक होते.

आणि यातच सावतोबांच्या चरित्राचे मर्म आहे. भाजीचा मळा म्हणजे जोंधळ्याचे शेत नव्हे, की एकदा पेरले आणि पावसावर सोडले. भाजीला रोज माणूस लागतो. मोट हाकायची, बैल धावेवरून खाली न्यायचे, पुन्हा वर आणायचे. मोटेचे पाणी थारोळ्यात पडले की पाटाने दंडात, दंडातून वाफ्यात. एक वाफा भरला की त्याचे दार मातीने बंद करायचे, दुसऱ्याचे उघडायचे. यात चार दिवसांचा खंड पडला तर मळा बसतो. सावतोबांच्या प्रसिद्ध अभंगात मळ्यातली भाजी हीच विठाई होते, आणि मोट, नाडा, विहीर, दोर यांनी सारी पंढरी व्यापून जाते. हा अभंग आपण सर्व जण गातो. पण तो गाताना आम्ही तरी कधी नाडा हातात धरलेला नव्हता.

त्या मळ्यातली एकेक वनस्पती आता शास्त्राने काय म्हटली आहे ते पाहू.

कोथिंबीर. संस्कृतात धान्यक. धणे अख्खे पेरत नाहीत, रगडून दोन फाकी करून पेरतात. आठदहा दिवसांनी उगवते आणि दीड महिन्याच्या आत काढावी लागते. ऊन चढले की ती फुलावर येते, मग पानाचा स्वाद गेला. वैद्य धण्याला तहान, दाह, ज्वर आणि लघवीची जळजळ यांवर देतात. रात्री ठेचलेले धणे पाण्यात भिजत घालून सकाळी ते पाणी गाळून साखरेबरोबर देण्याची चाल आमच्या खानदेशात उन्हाळ्यात घरोघर आहे.

मुळा. याची गंमत अशी की एकच वस्तू वयाप्रमाणे मित्र किंवा शत्रू होते. कोवळा मुळा दोष शमवतो असे वाग्भट म्हणतो. तोच जून झाला की तिन्ही दोष वाढवतो. स्नेहात शिजवला तर वात हरतो, वाळवला तर कफावर आणि वातावर चालतो. माळी मात्र जून मुळाही वाया जाऊ देत नाही. त्याला शेंगा येऊ देतो, त्या डिंगऱ्यांची भाजी होते आणि उरल्या शेंगांचे पुढच्या पेरणीला बी होते. माणसाचेही असेच. कोवळेपणी जो वळतो तो हितकर, आणि जून झाल्यावर निदान बी तरी धरावे.

कांदा. पलाण्डू. बी टाकून रोप करायचे, मग वाफ्यात लावायचे, आणि पुढे तीन-चार महिने सांभाळायचे. लसणापेक्षा तो सौम्य, बल देणारा, वात कमी करणारा, पण कफ वाढवणारा असे वैद्यक सांगते. जळगाव-धुळ्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांना टेकतो. तेव्हा भाकरीबरोबर कांदा फोडून खाणे, बाहेर पडताना कांदा जवळ बाळगणे ही आपल्याकडची जुनी रीत. रीत चांगली, मात्र ऊन लागून माणूस भ्रमिष्ट झाला तर कांद्यावर विसंबू नये. त्याला सावलीत घ्यावे, अंग गार करावे आणि तडक दवाखाना गाठावा.

आणि लसूण. याचे नावच रसोन. सहा रसांतला एक, म्हणजे आंबट रस, याच्यात नाही, बाकी पाच आहेत. भावमिश्राने ते पाच कुठे कुठे राहतात तेही सांगितले आहे: मुळात तिखट, पानांत कडू, नाळेत तुरट, नाळेच्या शेंड्याला खारट आणि बीजात गोड. हा उष्ण आणि तीक्ष्ण, वातावर आणि कफावर चालणारा. ज्याला पित्त आहे, ज्याच्या अंगातून रक्त जाते, त्याने मात्र दूर राहावे.

आता शंका अशी, की सावतोबांनी लसणातही हरी पाहिला, आणि आपण माळकरी तो ताटात घेत नाही. मनुस्मृतीने द्विजांना लसूण आणि कांदा वर्ज्य सांगितले आहेत. चातुर्मासाआधी कांदेनवमीला कांद्याची भजी खाऊन घ्यायची आणि मग चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याने सोडायचे, हा आपला कुळाचार. मग खरे कोणाचे?

वाग्भटाने याची कथा दिली आहे. राहूने चोरून अमृत प्यायले, भगवंताने त्याचा कंठ छेदला, त्या कंठातून अमृताचे जे कण भूमीवर पडले त्यांचा लसूण झाला. दैत्याच्या देहातून आला म्हणून द्विज तो खात नाहीत, आणि अमृतापासून झाला म्हणून तो रसायनांत श्रेष्ठ. एकाच ठिकाणी निषेध आणि गौरव! पुढे तो म्हणतो की लसूण थंडीत सेवावा, आणि ज्याला कफ फार त्याने वसंतातही. हे वाचले तेव्हा बाहेर पौषाची थंडी होती आणि आमची छाती कफाने घुरघुरत होती. दुसऱ्या एका जुन्या वैद्यकग्रंथात तर ब्राह्मणासाठी युक्ती सांगितली आहे: गाईला लसूण चारावा आणि तिचे दूध त्याला द्यावे. म्हणजे ज्यांना तो वर्ज्य त्यांनाही त्याचा गुण मिळावा, ही काळजी शास्त्रकारांनीच घेतली. औषधाने व्रत मोडत नाही असे स्मृतिवचनही आहे. म्हणजे व्रत हे जिभेला आवरण्यासाठी असते. वनस्पतीला दोष देण्यासाठी ते नसते. जो कांदा खात नाही त्याने कांदा पिकवणाऱ्यापेक्षा स्वतःला पवित्र समजावे, असे कोणत्याही शास्त्रात नाही. म्हातारीचा लसूण आम्ही संध्याकाळी तुपात परतून घेतला. माळ गळ्यातच होती.

दुसरी शंका शिकलेली मुले काढतात. त्या अभंगात मिरचीही येते, आणि मिरची तर हिंदुस्थानातली नव्हे. ती अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात इकडे आणली. चरक, सुश्रुत, वाग्भट कोणीही तिला ओळखत नाही. त्यांच्याकडे तिखट म्हणजे मरीच, आपले मिरे, आणि पिंपळी व सुंठ. मग १२९५ मध्ये समाधिस्थ झालेल्या सावतोबांच्या मळ्यात मिरची कुठून आली? मुलांनी हे विचारले की पुष्कळ बुवा चिडतात. चिडण्याचे कारण नाही, मुलांचे म्हणणे खरे आहे. सावतोबांच्या वाफ्यात मिरचीचे झाड नव्हते. संतांचे अभंग शतकानुशतके गळ्यांतून गळ्यांत आले. गाणाऱ्याच्या मळ्यात जे नवे पीक आले ते त्याने सावतोबांच्या मळ्यात नेऊन लावले. आम्हांला यात उणे काही दिसत नाही. परक्या मुलखातून आलेल्या झाडालाही वारकऱ्यांनी हरीचेच रूप मानले, ही सावतोबांचीच शिकवण पुढे चालली. आज खानदेशी शेवभाजी आणि भरीत मिरचीवाचून कल्पनेत तरी येते का?

आता परंपरेने सांगितलेले दोन प्रसंग. एकदा वारकरी मंडळी भजन करीत सावतोबांच्या घरी आली. सावतोबा त्यांच्या सेवेत आणि नामात रंगून गेले. त्याच वेळी सासुरवाडीची माणसे आली, त्यांची विचारपूस राहून गेली. जनाई संतापली, आणि तिने संतापावे हे रीतीला धरूनच होते. सावतोबांनी उलट राग केला नाही. गोड शब्दांत तिची समजूत काढली, आणि तीही मग त्या सेवेत मिसळली. घरात भांडण जिंकणारे पुष्कळ असतात, पण माणूस जिंकणारा विरळा.

दुसरा प्रसंग महिपतीबुवांनी भक्तविजयात वर्णिला आहे. पांडुरंग नामदेव-ज्ञानदेवांना बरोबर घेऊन भक्त कूर्मदासाच्या भेटीस निघाले. कूर्मदासाला हातपाय नव्हते, पोटावर सरपटत पैठणाहून निघालेला तो लऊळपर्यंत आला आणि तिथे थकला. तेव्हा देवच त्याच्याकडे निघाला. वाटेत अरण लागले. देवाने दोघांना मागे ठेवले, मळ्यात शिरला आणि सावतोबांना म्हणाला की माझ्यामागे दोन चोर लागले आहेत, मला लपव. सावतोबांनी हातातल्या खुरप्याने आपले उदर चिरले, देवाला आत घेतले आणि वरून वस्त्र गुंडाळून पुन्हा कामास लागले. नामदेव देवाला हाका मारीत आले तेव्हा पीतांबराचा शेव दिसून चोरी उघडी पडली.

ही कथा सांगताना आम्ही अंगावर काटा आणण्याच्या भरीस पडत असू. आता आमचे लक्ष त्या खुरप्याकडे जाते. देव आला तेव्हा सावतोबांच्या हातात टाळ नव्हता, वीणा नव्हती. कामाचे हत्यार होते, आणि देवाला आत घ्यायला तेच उपयोगी पडले. आणखी पाहा, कूर्मदास चालू शकत नव्हता आणि सावतोबा मळा सोडू शकत नव्हते. एकाची अडचण देहाची, दुसऱ्याची कर्तव्याची. देवाने दोघांचीही हजेरी मांडली नाही. तो स्वतः चालून आला.

सावतोबांचे अभंग थोडेच, सदतीस उपलब्ध आहेत. ते काशिबा गुरव यांनी लिहून ठेवले म्हणून आपल्यापर्यंत पोचले. मोटेवर गायलेले शब्द मोटेच्या पाण्याबरोबर वाहून जायचे, ते गुरवाने अडवून धरले, हे त्याचे उपकार. शके १२१७, इ. स. १२९५, आषाढ वद्य चतुर्दशीस वयाच्या ४५व्या वर्षी सावतोबांनी अरण येथे देह ठेवला. त्यांच्या मळ्यातच त्यांची समाधी आहे. पुढच्या वर्षी आळंदीस ज्ञानोबांनी समाधी घेतली, आणि १२९७ मध्ये आमच्या तापीकाठी मुक्ताई गुप्त झाली. एकामागून एक दिवे मालवत गेले.

आषाढीला सर्व संतांच्या पालख्या पंढरीस जातात, सावतोबांची जात नाही. उलट आषाढी झाल्यावर पांडुरंगाची पालखी पंढरपुराहून अरणला येते. तिथे श्रीफळहंडीचा सोहळा होतो. देव वर्षभर लोकांना दर्शन देतो आणि मग आपण होऊन माळ्याच्या दर्शनाला जातो. म्हातारीच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. सावतोबांना देवाने काही म्हटले नाही. तो उठून त्यांच्याकडे गेला.

तात्पर्य, वारी सोडा असे आम्ही म्हणत नाही. जो जाऊ शकतो त्याने अवश्य जावे. आम्ही पाय चालतील तोवर जाऊच. पण आषाढी येते ती ऐन पेरणीत. ज्याचे बी मातीत पडायचे आहे, ज्याच्या वाफ्याला आज रात्रीच पाणी मिळणार आहे, त्याला उणा लेखण्याचा अधिकार कोणाला नाही, गादीवर उभ्या असलेल्या आम्हांला तर मुळीच नाही.

त्याच सप्ताहात काल्याच्या कीर्तनास पुन्हा उभे राहण्याचा योग आला. आवाज बराच मोकळा झाला होता. आम्ही सावतोबांचे चरित्र लावले, आणि आरंभीच त्या तरुणाचे नाव घेऊन सर्वांदेखत त्याची क्षमा मागितली. तो तेव्हाही मंडपात नव्हता. मुळा काढायला गेला होता. त्याची आई मात्र खांबाशी बसली होती. तिने हात जोडले, आणि शेजारणीच्या कानात काहीतरी सांगून ती हसली. त्या दिवसापासून आमच्या कीर्तनातून कोणी मध्येच उठला तर आम्ही त्याला वाट करून देतो.

रामकृष्णहरि.